दाजी चमकत नाहीत

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दाजींना, त्यांच्याच गावात मी एकटं पाडलं. हे वाक्य लिहायला फार वेळ लागला. आधी लिहिलं होतं, 'दाजींच्या बाबतीत गावाचा थोडा गैरसमज झाला.' मग ते खोडलं. गैरसमज भिंतीवरच्या शेवाळासारखा आपोआप येत नाही. तो मी करून दिला, तोही माईक हातात धरून, आणि वर टाळ्या घेतल्या.

मी सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवतो. हा विषय सक्तीचा असतो, त्यात कुणी नापास होत नाही, आणि म्हणून त्याच्या तासाला कुणी लक्ष देत नाही. मी मात्र कळकळीचा माणूस. ओझोनच्या थराबद्दल मी एकदा इतका कासावीस होऊन बोललो की पहिल्या बाकावरच्या मुलीनं पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "सर, बसून बोला." तेवढीच त्या तासाची दाद. आपलं बोलणं ऐकून कुणीतरी गप्प व्हावं, एवढी एक भूक माझ्यात वर्षानुवर्षं साठत आली होती. हे सबब म्हणून सांगत नाही. पुढे काय झालं ते कळावं म्हणून सांगतो.

दाजी सातारा जिल्ह्यातले, कृष्णाकाठच्या एका गावचे, आणि त्या गावातही लहानथोर त्यांना दाजीच म्हणतात. फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांना लांब पूर्वेला, डोंगर-जंगलाच्या मुलखात, युरेनियमच्या एका खाणीवर पहाऱ्याची नोकरी मिळाली. तिथं बरीच वर्षं काढून ते परत आले. आता ऊस बघतात, दोन म्हशी बघतात आणि संध्याकाळी देवळापुढच्या पारावर बसतात.

पारावरचं त्यांचं स्थान मात्र समजून घ्यायला हवं, कारण मी तेच घालवलं. तंबाखू गावात सगळेच खातात आणि डब्या सगळ्यांच्याच खिशात असतात. पण दाजी मळायला लागले की बाकीच्या डब्या खिशातून बाहेर येत नाहीत. ते डाव्या तळहातावर तंबाखू घेतात, नखानं चुना लावतात, अंगठ्यानं सावकाश रगडतात, दोन थापा मारतात आणि हात पुढे करतात. मग आजूबाजूनं हात येतात आणि एकेक चिमूट उचलून नेतात. ज्या दोन भावांचा बांधावरून कोर्टात दावा चालू आहे, तेसुद्धा दाजींच्या तळहातावर एकत्र येतात. माझा तंबाखूला विरोध आहे, त्यावर मी वेगळं व्याख्यान देतो. पण त्या तळहाताएवढी शांत जागा त्या गावात दुसरी नव्हती, हे मलाही दिसत होतं.

त्या वर्षी गणपतीत मी आक्काकडे गेलो होतो. बायकोचा भाऊ म्हणजे त्या गावाच्या हिशेबात मी सगळ्या गावाचाच मेव्हणा, त्यामुळे येणारा-जाणारा माझी फिरकी घ्यायचा. मंडळाचे अध्यक्ष दाजींच्या दारात आले आणि म्हणाले, "पावनं, धा मिन्टं बोला की कायतरी. संगीत खुर्ची झाली की लकी ड्रॉपतूर मधी लय मोकळं वाटतंय."

"कशावर बोलू?"

"कशावर बी. लोकं उठून जायला नगं, येवढंच."

मी प्लास्टिकवर सुरुवात केली. समोर निम्मं गाव बसलं होतं, पण सगळ्यांची नजर माझ्या डाव्या बाजूला टेबलावर ठेवलेल्या मिक्सरवर. लकी ड्रॉचं ते पहिलं बक्षीस. मी प्लास्टिकची पिशवी गाईच्या पोटात नेली, तरी कुणी मिक्सरवरून नजर हलवेना. एक म्हातारी तर मोठ्यानं म्हणाली, "जार किती हायेत गं त्याला?"

तेव्हा मी प्लास्टिक सोडलं आणि युरेनियम काढलं.

आणि गाव गप्प झालं. मी सांगितलं की डोंगर पोखरून दगड काढतात, त्याचं पीठ करतात, तेजाबात घोळतात आणि सगळ्या खटाटोपातून थोडीशी पिवळी पूड निघते. बाकी सगळा डोंगर राडा होऊन उरतो. तो राडा नळातून एका मोठ्या तळ्यात सोडतात. पूड निघून गेली तरी दगडातली बरीचशी आग त्या राड्यातच राहते, ती माणसाच्या आयुष्यात काय, नातवंडांच्या आयुष्यातही विझत नाही. उन्हाळ्यात तळं वाळलं की धूळ उडते, पावसात पाझर लागतो, विहिरीत उतरतो. न दिसणारा, वास नसलेला वायू वर येत राहतो. मी बोलत होतो आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मिक्सरकडे कुणी बघत नव्हतं! इथवर मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो.

मग मी म्हणालो, "ही धूळ तिथल्या माणसाच्या कपड्यांवर बसते. घरापर्यंत येते. हाडात शिरते. आणि मंडळी, लांब कशाला जायचं? त्या तळ्याच्या काठावर वर्षानुवर्षं उभा राहिलेला माणूस आज आपल्यातच बसलाय."

आणि मी बोट केलं.

सगळं गाव वळलं. दाजींना वाटलं, मेव्हणा सत्कार करतोय. ते उठले, टोपी सारखी केली आणि चारी दिशांना वळून नमस्कार केला.

माझ्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं. 'पण अशा माणसापासून कुणालाही कसलाही धोका नसतो. धोका तिथं राहणाऱ्यांना आहे, जे ती माती-पाणी सोडून जाऊ शकत नाहीत.' वाक्य पाठ होतं, कॉलेजात मी ते दरवर्षी म्हणतो. पण त्या शांततेची चव इतकी गोड होती की वाटलं, आणखी थोडी चाखू. तेवढ्यात अध्यक्ष कानाशी आले, "पावनं, आवरा आता, पाऊस यील." मी "धन्यवाद" म्हणालो. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

लकी ड्रॉत पहिली चिठ्ठी दाजींचीच निघाली. दाजी हसत स्टेजवर आले. अध्यक्षांनी मिक्सर उचलला, दोन्ही हात लांब करून, मान मागे घेऊन, नाग धरावा तसा पुढे केला आणि दाजींनी धरायच्या आधीच सोडला. एक जार फुटला. मी तेव्हाही हसलो. अध्यक्षांचा हात घसरला असं मला वाटलं.

मी सांगलीला परत आलो आणि दोन-चार दिवसांत आक्काचा फोन आला.

"अरं, तू काय बोलून गेलास?"

"का? लोकांना आवडलं ना?"

"लय आवडलं. शेजारनीनं आपली वाटीभर हळद परत आणून दिली. म्हनती, पिवळी पूड नगं बाई."

"हळद?"

"घरची हळद रं! आन् ह्यांच्या हातची पारावर कोन तंबाकू घीना."

आधी एकजण म्हणाला होता, "आज नगं दाजी, दात दुकतुया." मग शेजारचा म्हणाला, त्याचाही दुखतोय. मग तिसरा. एका संध्याकाळी अख्ख्या पाराचे दात दुखायला लागले. दाजी तळहात पुढे करून बसले, तो तसाच राहिला. मग त्यांनी मळलेली सगळी तंबाखू एकट्यानं तोंडात टाकली आणि रात्री त्यांना चक्कर आली. ती बातमी सकाळी गावभर गेली. लोक म्हणाले, 'बघा, सुरुवात झाली.'

पुढचे काही आठवडे आक्का मला फोनवर जे सांगायची ते ऐकून मला हसू यायचं आणि मग हसल्याची लाज वाटायची. दिवेलागणीला लाईट गेली की गल्लीतली पोरं दाजींच्या कुंपणाशी गोळा व्हायची, दाजी अंधारात चमकतात का बघायला. एका पोरानं शपथ घेऊन सांगितलं, पायाची नखं चमकली. आक्का खराटा घेऊन धावायची. दाजी म्हणायचे, "बगू दे गं पोरास्नी. हितं लाईट न्हाई, तवा मी तरी चमकतुया का बगू दे."

गावात मोबाईलला रेंज कमी. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की दाजींच्या अंगातल्या किरणांनी रेंज येत असेल. एक तरुण लांबून ओरडायचा, "दाजी, जरा हिकडं सरका की! आन् थोडं. आली, आली, एक कांडी आली!" आणि दाजी मळ्यात, कंबरेवर हात ठेवून, त्याचा फोन संपेपर्यंत उभे राहायचे. जवळ कुणी येईना, तेव्हा लांबूनच का होईना, कुणीतरी हाक मारतंय म्हणून.

एका शेतकऱ्यानं तर कमाल केली. "दाजी, आमच्या उसात हुमणी लय झालीया. एक फेरी मारता का? औशीद काय लागंना बगा." दाजी गेले. एका सरीतून आत, दुसऱ्या सरीतून बाहेर, सगळा फड हिंडले. मालक बांधावरून चालत होता, नाकाला टॉवेल लावून. आठवड्यानं त्याला विचारलं तर म्हणाला, "हुमणी हाय तशीच. पन उंदरं कमी वाटत्यात."

मी माफी मागायला हवी होती. मला ते कळत होतं. पण माफी मागायची म्हणजे 'मी मुद्दाम गप्प बसलो' हे तोंडानं म्हणायचं. त्याऐवजी मी साताऱ्याला जाऊन कंदी पेढे आणले.

"कशाचं पेढं?" दाजींनी विचारलं.

"सहजच."

पुढच्या वेळी शर्टाचं कापड नेलं. तेही सहजच. त्याच्या पुढच्या वेळी छत्री. आक्का म्हणाली, "ह्या मानसाला कायतरी झालंय. सारखं दितुया." दाजी छत्री उघडून बघत म्हणाले, "किरनं आडतील म्हनून आणली आसंल."

मग मला वाटलं, माफीपेक्षा पुरावा बरा. मी शास्त्राचा माणूस. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याकडून किरणं मोजायचं यंत्र मागून घेतलं. टॉर्चएवढं, टिक-टिक वाजणारं. सहकारी म्हणाले, "कुठंही धरा, अधूनमधून वाजणारच. हवेत, मातीत, सगळीकडे थोडं असतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे. आणि खरंच माहीत होतं. फक्त पाराला ते माहीत नाही, हे मी विसरलो.

संध्याकाळी सगळे जमलेले बघून मी यंत्र बाहेर काढलं. "मंडळी, आता विज्ञानच सांगेल," असं म्हणून दाजींच्या छातीशी धरलं.

टिक.

सगळे मागे सरकले.

"वाजलं! वाजलं का न्हाई?"

"थांबा, ते सगळीकडेच वाजतं," मी म्हणालो आणि यंत्र अध्यक्षांच्या छातीशी धरलं.

टिक. टिक.

अध्यक्ष पांढरे पडले. "मला दोनदा वाजलं! दाजीला येकदा, मला दोनदा!"

"तुम्हाला कशानं वाजणार? ते हवेचंच आहे."

"मग माज्याकडं जादा हवा हाय व्हय?"

त्या गोंधळात माझा हात खाली गेला. पारावर नवी ग्रॅनाईटची फरशी बसवलेली होती. ग्रॅनाईटमध्ये मुळातच थोडं युरेनियम असतं, आणि हेही मी दरवर्षी शिकवतो. यंत्र फरशीजवळ गेलं आणि टिकटिक टिकटिक असं भराभर बोलायला लागलं. आजवर त्या गावात कुणी एवढ्या चपळाईनं उठलं नसेल. गुडघेदुखीवाले म्हातारे टुणकन उड्या मारून खाली आले. ते दोन भाऊ एकमेकांचा हात धरून उतरले. पारावर एकटे दाजी बसून राहिले.

अध्यक्ष मात्र आता वेगळ्याच कारणानं भडकले. "आवं, ती माज्या बापाच्या नावाची फरशी हाय! हे बगा, कोरलंय. मी बसीवलीया. माज्या बापाला आनू बॉम ठरिवता का?"

"अहो, सगळ्याच दगडात असतं. त्यानं काही होत नाही!"

दाजींच्या बरोबर फौजेत असलेले एक म्हातारे खाली धुळीत बसता बसता म्हणाले, "तवा म्हनला धोका हाय. आज म्हनताय न्हाई. पावनं, तुमी पगार कशाचा घेता?"

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण ती बैठक नंतर समोर देवळाच्या वट्यावर हलली, आणि दाजी आता नुसते एकटे नव्हते, तर तेवढ्या मोठ्या पारावर एकटे होते. यंत्राला माझ्या हातून वाजायचं तेवढं वाजून झालं होतं.

त्या संध्याकाळी गोठ्यात दाजी वैरण टाकत होते आणि मी दावणीशी उभा होतो. म्हशीनं माझा शर्ट हुंगला आणि तोंड फिरवलं. मी विचारलं, "दाजी, राग आलाय का?"

"कशाचा?"

"माझा."

त्यांनी उरलेली वैरण गव्हाणीत टाकली. मग म्हणाले, "पावनं, आपल्याकडं ऊस गाळला की चिपाडं चुलवानाला जात्यात. जाळून संपत्यात. तितं मूटभर काडायला डोंगर गाळायचा आन् चिपाडं तेवडीच उरायची. ती ठेवायला त्ये तळं. तुमी बोलला त्ये खरंच बोलला. मला नळ फुटल्याचं दिसलंय, राडा भाताच्या खाचरात गेलेला दिसलाय. उन्हाळ्याचं वारं सुटलं की चेहऱ्यावर पीठ बसायचं. माजं काम काय, तर तळ्याकडनं गुरं हाकायची आन् पोरं हाकायची. तार व्हती कुटं कुटं. जितं न्हवती तितं मी व्हतो."

म्हशीला थोपटत ते पुढे म्हणाले, "काटावर वस्ती व्हती. तितल्या पोरीस्नी स्थळं येत न्हवती. गावाचं नाव सांगितलं की पावनं चहा न घेता उठायचं. आजारी कोन हाय, कोन न्हाई, त्ये कोन इचारतंय? गाव कुटलं, येवडंच इचारायचं."

"म्हणजे जसं इथं..."

"थांबा की, सांगू दे. तितं एक म्हातारी व्हती. मी उनात उबा दिसलो की तांब्या भरून आनायची. रोज. मी म्हनायचो, मौशी, आज पोट बरं न्हाई. रोज म्हनायचो. आमास्नी पानी बाहेरनं यायचं, क्यानातनं. त्येच प्यायचो. तिचं पानी मी येकदा बी प्यालो न्हाई." त्यांनी हात झटकले. "तिला कळत व्हतं. इतकी वर्षं कुनाचं पोट बिगडतंय? तरी रोज आनायची. आन् परवा ह्या समद्यांचं दात दुकायला लागलं, तवा मला म्हातारी आटवली. म्हनलं, आता बसा."

मी म्हटलं, "पण तुमचं तसं नव्हतं. ते पाणी खराब असू शकत होतं. तुमच्या तळहातावर तर काहीच नाही."

"व्हय. पन तिच्या हातावर काय व्हतं? पानी नगं म्हनायचं तर नगं म्हनायचं. जवळ बसून चार शब्द बोलाया काय झालं व्हतं? मी तांब्या बगितला की वाट बदलायचो."

मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आन् राग म्हनाल, तर आलाय. छत्री गळकी निगाली."

आक्का आतून म्हणाली, "तरी मी म्हनत व्हते, छत्रीबित्रीपरीस नारळावर भागवायचं व्हतं."

मी हसलो आणि मग मला रडू आलं, आणि म्हैस परत शर्ट हुंगायला लागली. दाजी म्हणाले, "पावनं, हितं गोट्यात रडून काय उपेग? म्हशीस्नी माहीतच हाय मी चमकत न्हाई ते."

मला त्याचा अर्थ कळला. मी बोट केलं ते सगळ्या गावासमोर. पेढे मात्र घरात गुपचूप दिले होते.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माफी शेवटी राहील. हात परत आले, पण सगळे एकदम नाहीत. पहिला हात आला फौजेतल्या त्या म्हाताऱ्यांचा, "आता ह्या वयात कुटली किरनं," असं म्हणत. मग बांधाच्या दाव्यातला एक भाऊ आला, म्हणून दुसराही आला, मागे राहायला नको म्हणून. अध्यक्षांचा दात अजून दुखतो. पोरं मात्र नाराज झाली. लाईट गेल्यावर आता बघायला काही उरलं नाही. आणि दाजी आता मळायच्या आधी कधीकधी त्या तळ्याकाठच्या वस्तीचं सांगतात, तिथल्या विहिरींचं, धुळीचं, न ठरलेल्या लग्नांचं. लोक ऐकतात. माझ्यापेक्षा बरं सांगतात ते. बोट करत नाहीत कुणाकडे.

माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. देवळाच्या वट्यावर सगळे बसले होते, आणि समोर पारावर दाजी. मी मधे उभा राहिलो. माईक नव्हता. सवयीनं तोंडातून निघालं, "सन्माननीय ग्रामस्थहो..."

"पावनं, लकी ड्रॉ हाय का आज?" कुणीतरी विचारलं.

"यंत्र आणलंय का? उठू का आदीच?"

"बोलू द्या रं त्येला. मेव्हना हाय आपला."

मी वट्याकडे पाठ केली, पाराकडे वळलो, आणि मोठ्यानं, मागच्यांनाही ऐकू जाईल असं म्हणालो,

"दाजी, त्या दिवशी मी तुमच्याकडे बोट केलं तेव्हा मला माहीत होतं की तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. मी ते विसरलो नव्हतो. ते वाक्य माझ्या तोंडात होतं आणि मी ते गिळलं, कारण सगळे गप्प बसून माझं ऐकत होते आणि मला ते फार आवडलं. त्या वस्तीतल्या माणसांचं दुःख मी लोकांना घाबरवायला वापरलं, आणि तुम्हाला नमुना म्हणून उभं केलं. तुम्ही उठून नमस्कार केलात, तेव्हाही मी गप्प बसलो. ह्यांचे दात दुखले त्याला हे जबाबदार नाहीत, मी आहे. चूक झाली नाही दाजी, मी केली. मला माफ करा."